आधी कान, मग पाना : कॉन्टिनेंटल सी-९० ची दुखणी आणि ओव्हरहॉल

पुष्पक विमानाचं इंजिन म्हणून आपल्याकडे ओळखलं जाणारं कॉन्टिनेंटल सी-९० दिसायला अगदी साधं आहे. समोरासमोर आडवे चार सिलिंडर, हवेवर थंड होणारं, २०१ घन इंचांचं, २४७५ आरपीएमला ९० अश्वशक्ती देणारं. त्याच्या साधेपणामुळेच नवशिके फसतात. थोडी कुरकुर झाली की थेट सिलिंडर उतरवायला घेतात आणि शेवटी दोष निघतो प्लगच्या वायरीत. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा इंजिन न उघडता करायच्या तपासणीला दिली आहे.

सुरुवातीला कायद्याचं एक वाक्य. विमान उडणार असेल तर ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून, तपासून पुन्हा जोडणं) डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, सीएआर-१४५ ही देखभालीची मान्यता असलेल्या संस्थेतच होतो आणि लॉगबुकात सही परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) लागते. तुम्ही एएमईचे विद्यार्थी म्हणून हाताखाली काम करत असाल, किंवा प्रदर्शनात ठेवायचं, जमिनीवरच चालवायचं इंजिन हाती घेतलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आकड्यांत हा लेख आणि तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल यांत फरक दिसला तर मॅन्युअल खरं माना.

प्रॉपला हात लावण्याआधी

मॅग्नेटोला, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही. स्विचकडे जाणारी, मॅग्नेटो बंद करणारी वायर (पी-लीड) तुटली असेल तर स्विच 'ऑफ'वर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि प्रॉप हाताने जरा फिरवला तरी इंजिन पेटू शकतं. त्यामुळे प्रत्येक वेळी चाकांना ठोकळे, शेपूट दोराने बांधलेली, इंधन बंद, थ्रॉटल बंद, आणि तरीही प्रॉपच्या फिरण्याच्या पट्ट्यात डोकं किंवा हात नाही. सी-९०-८एफ ला स्टार्टर नसतो, ते हातानेच सुरू करावं लागतं, म्हणून त्याच्याशी काम करताना ही सवय आणखी पक्की हवी. मॉडेलच्या नावातला 'एफ' म्हणजे क्रँकला प्रॉपसाठी फ्लँज आहे.

सिलिंडरचे क्रमांकही आधीच पाठ करा. कॉन्टिनेंटल मागून मोजतं : वैमानिकाच्या बाजूने पाहताना उजवीकडे मागे १, डावीकडे मागे २, उजवीकडे पुढे ३, डावीकडे पुढे ४. लायकॉमिंग ही दुसरी इंजिन कंपनी पुढून मोजते. लायकॉमिंगवर हात बसलेला माणूस इथे हमखास चुकीच्या सिलिंडरचा प्लग काढतो. फायरिंग ऑर्डर १-३-२-४.

इंजिन काय सांगतंय ते ऐकणं

दोष कधी दिसतो हे आधी लिहून घ्या : थंड असताना की गरम झाल्यावर, आयडलला की पूर्ण थ्रॉटलला, दोन्ही मॅग्नेटोंवर की एकावरच. या तीन उत्तरांत बहुतेक दोष सापडतो.

*आयडलला खडखडतं, वर गेल्यावर गुळगुळीत चालतं.* इनटेकच्या रबरी नळीतून किंवा फ्लँजच्या गॅस्केटमधून फुकटची हवा शिरत असणार. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये ओढ जास्त असते आणि एकूण हवा कमी असते. त्यामुळे फटीतून आलेली थोडी हवासुद्धा मिश्रण पातळ करते. थ्रॉटल उघडला की तीच फट किरकोळ ठरते. नळीच्या सांध्याजवळ निळे-हिरवे इंधनाचे डाग शोधा.

*आयडलला काळा धूर, प्लग काजळीने माखलेले.* प्रायमरची (स्टार्टआधी जादा इंधन टोचणाऱ्या हातपंपाची) मूठ आत ढकलून फिरवून लॉक केली आहे का, हे सर्वात आधी पाहा. हसू येईल, पण हे कारण फार वेळा निघतं. मग कार्ब्युरेटर. जुन्या सी-९० वर बहुधा स्ट्रॉमबर्ग एनए-एस३ असतो. त्याची नीडल नीट बसली नाही की इंजिन बंद केल्यावरही थेंब पडत राहतात. फ्लोटची पातळी वरच्या-खालच्या भागांच्या सांध्याच्या खाली १३/३२ इंच, म्हणजे सुमारे १०.३ मिमी हवी. मोजताना इंधनाचा दाब विमानावर असतो तेवढाच द्या. या कार्ब्युरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो, म्हणून थ्रॉटल झटकन उघडला की इंजिन गचका खातं. तो दोष नाही, तुमच्या हाताची घाई आहे.

*एका मॅग्नेटोवर जास्त आरपीएम पडतात.* मॅग-चेक, म्हणजे एकेक मॅग्नेटो बंद करून आरपीएम किती पडतात ते पाहणं, साधारण १७०० आरपीएमला घेतात. किती घसरण चालते ते तुमच्या विमानाच्या पुस्तकात दिलेलं असतं. घसरण जास्त असेल तर त्या वाईट मॅग्नेटोवरच अर्धा-एक मिनिट चालवा, त्याच स्थितीत बंद करा आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही एक्झॉस्ट नळ्यांचं तापमान घ्या. जी नळी इतरांपेक्षा थंड, तिच्या सिलिंडरचा त्या मॅग्नेटोचा प्लग पेटत नाही. तो प्लग दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग वाईट, जागीच राहिला तर वायर किंवा मॅग्नेटोचं डोकं. याला पाऊण तास लागतो आणि एक रुपयाचा सुटा भाग लागत नाही.

चारही सिलिंडर सारखेच पेटतात पण घसरण मोठी आणि गुळगुळीत असेल, तर टायमिंग मागे सरकलं आहे. घसरण अजिबातच होत नसेल तर खूश होऊ नका. स्विचने बंद केलेला दुसरा मॅग्नेटो ग्राउंड होत नाही, म्हणजे वर सांगितलेली तुटकी पी-लीड.

*सकाळी पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर ठोके खातो, दोन मिनिटांत ठीक होतं.* एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) चिकटतोय. हे इंजिन ८०/८७ ग्रेडच्या इंधनासाठी बनलं होतं. आजच्या निळ्या १००-एलएल मध्ये त्याच्या चौपट शिसं असू शकतं, ते गाइडमध्ये आणि खालच्या प्लगांत साचतं. ही कुरकुर 'गरम झालं की जाते' म्हणून सोडू नका. पुढची पायरी व्हॉल्व्ह पूर्ण अडकणं आणि पुशरॉड वाकणं. बरं, यासाठी सिलिंडर उतरवावा लागत नाही. प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोर आत भरा, पिस्टन हळू वर आणा म्हणजे दोराने व्हॉल्व्हला खालून आधार मिळतो, स्प्रिंग दाबून कीपर (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या खिट्ट्या) काढा. मग दोर काढून व्हॉल्व्ह आत ढकला, गाइड योग्य मापाच्या रीमरने साफ करा आणि व्हॉल्व्ह परत वर ओढून घ्या. दोराचं टोक बाहेर राहू द्या, नाहीतर तो काढायला तासभर जाईल.

*पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कमी.* नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मे महिन्यात ४० अंशांना घनता-उंची (हवेच्या विरळपणानुसार इंजिनाला जाणवणारी उंची) १६००-१७०० मीटरपर्यंत जाते. म्हणून नवशिके 'हवा पातळ आहे' असं म्हणून मोकळे होतात. हिशोब मात्र वेगळा आहे. पातळ हवेत इंजिनाचा जोर घटतो तसा प्रॉपवरचा भारही घटतो, त्यामुळे जमिनीवर उभ्या विमानाचे स्थिर आरपीएम अशा उन्हातही फार तर वीस-तीसने कमी होतात. खेच कमी होते, ती गोष्ट निराळी. दीडशे-दोनशे आरपीएम कमी असतील तर उन्हाला दोष देऊ नका. आधी टॅकोमीटर बाहेरच्या ऑप्टिकल टॅकोने तपासा, मग थ्रॉटल पूर्ण उघडतो का, कार्ब-हीटची (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी) झडप नीट बंद होते का, मॅग्नेटोचं टायमिंग, आणि शेवटी कॉम्प्रेशन.

पावसाळ्यात आणखी एक भूत भेटतं : चालता चालता आरपीएम हळूहळू उतरतात, खडखड सुरू होते, बंद करून उघडून पाहिलं तर काहीच नाही. तो कार्ब्युरेटरमधला बर्फ. बाहेर २५ अंश असले तरी इंधनाच्या बाष्पीभवनाने आत तापमान वीस अंशांहून जास्त घसरतं, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कमी थ्रॉटलला बर्फ धरतो. कार्ब-हीट पूर्ण ओढा. आधी आरपीएम आणखी पडतील, इंजिन पाणी गिळताना खोकेल, मग चढतील. तसं झालं तर निदान झालं.

कॉम्प्रेशन : इथे घाई करू नये

मोटारीचा कॉम्प्रेशन गेज इथे उपयोगाचा नाही. विमानाच्या इंजिनाला डिफरन्शियल टेस्टर लागतो : दोन गेज, मध्ये ठरावीक भोक. या आकाराच्या सिलिंडरला ०.०४० इंचाचं भोक. भोकाचा आकार चुकला की वाचन निरर्थक.

१. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, बंद करा, लगेच कामाला लागा. थंड इंजिनाचं वाचन फसवं असतं.

२. प्रत्येक सिलिंडरचा वरचा प्लग काढा. प्लग कुठून काढला ते ट्रेवर लिहा. त्यांचे चेहरेही पुढे वाचायचे आहेत.

३. भोकावर अंगठा ठेवून दुसऱ्या माणसाला प्रॉप फिरवायला सांगा. अंगठा ढकलला गेला की कॉम्प्रेशन स्ट्रोक. पिस्टन अगदी वर आणा.

४. आधी १५-२० पीएसआय हवा द्या. प्रॉप कोणत्याही बाजूला पळत नाही याची खात्री झाली की ८० पर्यंत वाढवा. प्रॉप धरणाऱ्याने पाय रोवून, पात्याच्या वाटेबाहेर उभं राहायचं. ८० पीएसआयला पिस्टन जागेवरून घसरला तर प्रॉप हात मोडू शकतो.

५. प्रॉप हलकासा पुढे-मागे हलवा, म्हणजे रिंगा खोबणीत बसतात. मग दुसऱ्या गेजचा आकडा लिहा.

जुना ढोबळ नियम ६०/८० चा. कॉन्टिनेंटलच्या पद्धतीत मास्टर ऑरिफिस (ठरलेल्या मापाचं प्रमाण भोक) लावून त्या दिवसाची, त्या टेस्टरची मर्यादा आधी काढतात. पण आकड्यापेक्षा आवाज जास्त सांगतो. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, ब्रीदर (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी नळी) किंवा तेलाच्या तोंडातून असेल तर रिंगा. ब्रीदरचा थोडा आवाज प्रत्येक इंजिनात असतो. एक्झॉस्टचा मात्र माफ नाही.

तरीही एका वाईट आकड्यावर सिलिंडर उतरवू नका. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कार्बनचा कण अडकला असेल. रॉकरवर नायलॉनच्या हातोडीने हलकं ठोका, इंजिन पुन्हा चालवा, पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर बोरस्कोप आत घाला. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर मध्यभागाभोवती एकसारखी तांबूस वर्तुळं दिसतात. जळत चाललेल्या व्हॉल्व्हची एक कडा वेगळ्या रंगाची दिसते आणि वर्तुळं एका बाजूला सरकलेली असतात.

आता प्लगांचे चेहरे. खालचे प्लग तेलाने ओले आणि ब्रीदरचा आवाज मोठा असेल तर रिंगा. राखाडी दगडासारखे खडे म्हणजे शिसं, ते टोकदार साधनाने काढा, पण तारेचा ब्रश पोर्सिलीनवर फिरवू नका. जाड इलेक्ट्रोडच्या प्लगचा गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच. प्रत्येक वेळी नवा तांब्याचा वॉशर, आट्यांवर अँटी-सीझ पहिला आटा सोडून, आणि ३०० ते ३६० इंच-पौंड टॉर्क.

उघडायचंच ठरलं तर

या मालिकेचा टीबीओ, म्हणजे दोन ओव्हरहॉलमधला शिफारस केलेला काळ, १८०० तास किंवा १२ वर्षं आहे. तास कमी पण वर्षं जास्त, हीच आपल्याकडच्या जुन्या इंजिनांची खरी कथा. शिवाय प्रॉप कशावर तरी आपटला असेल, तेलाच्या जाळीत चुंबकाला चिकटणारे कण सतत येत असतील, किंवा क्रँककेसला तडा असेल, तर तास न मोजता उघडा.

जागा धूळविरहित हवी आणि पावसाळा शक्यतो टाळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे काम करायला उत्तम महिने. जूनमध्ये उघडं ठेवलेलं सिलिंडर बॅरल दोन दिवसांत तांबूस होतं. सुटा झालेला प्रत्येक पोलादी भाग धुतला की त्याच तासाला तेलाने पुसायचा.

क्रम असा : तेल काढा, प्रॉप, बॅफल (थंड हवा सिलिंडरांवर वळवणारे पत्रे), इग्निशन हार्नेस (प्लगच्या वायरींचा जुडगा), मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, इनटेक आणि एक्झॉस्ट. मग रॉकर कव्हर, रॉकर, पुशरॉड. ज्या सिलिंडरला उतरवायचं त्याचा पिस्टन वर आणून मगच नट सोडा, सिलिंडर सरळ ओढा आणि कनेक्टिंग रॉड केसच्या कडेवर आपटू देऊ नका. रॉडवर पडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. नंतर संप, मागचं अ‍ॅक्सेसरी केस, तेलपंप, आणि शेवटी क्रँककेसचे दोन भाग. टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधले दट्टे) ज्या कॅम-लोबवर झिजले त्याच जागी परत जावे लागतात, म्हणून आठ कप्प्यांचा ट्रे आधीच तयार ठेवा. अंड्याचा रिकामा ट्रेसुद्धा चालतो.

धुलाईबद्दल एक मोठा इशारा. नाशिकच्या द्वारका किंवा अंबडच्या गॅरेजवाल्याला इंजिन धुवायला दिलं तर तो सवयीने कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकेल. बिडाच्या ब्लॉकला ते चालतं. तुमचं क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक ते खातो, आणि हायड्रोजन सुटतो तो वेगळाच. मिनरल टर्पेंटाइन आणि मऊ ब्रश पुरे. ग्लास-बीड ब्लास्टिंग क्रँककेसवर कधीही नको. तेलाच्या वाहिनीत अडकलेला एक मणी नवं बेअरिंग पहिल्या तासात संपवतो.

मग मोजमाप. न दिसणारे तडे शोधायला क्रँक, रॉड, कॅम, गिअर यांना मॅग्नाफ्लक्स (चुंबकीय तपासणी), अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना डाय पेनिट्रंट (तड्यात झिरपणारा रंग). सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोटारीच्या भागांसाठी हे करणारे मिळतील, पण तपासणीनंतर भाग डीमॅग्नेटाइझ करून द्या असं लेखी सांगा, नाहीतर तो पुढे लोखंडी कीस गोळा करत बसेल. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून फ्लँजचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) डायल गेजने घ्या. जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाची) मापं दोन दिशांनी, दोन ठिकाणी. ग्राइंडिंग करावं लागलं तर जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई मॅन्युअलइतकीच राखणारा कारागीर हवा. गोलाई गेली की त्याच कोपऱ्यातून क्रँक तुटतो.

सिलिंडरवरच्या रंगाकडे लक्ष द्या. नारिंगी पट्टा म्हणजे आत क्रोम, निळा म्हणजे नायट्राइड. क्रोमच्या बॅरलमध्ये क्रोमच्या रिंगा घातल्या की दोन्ही एकमेकींना खातात, तिथे बिडाच्या रिंगा लागतात. साध्या पोलादी बॅरलला होन मारताना (आतून दगडाने घासताना) ओरखड्यांची जाळी साधारण ४५ अंशांची यावी, आणि नंतर गरम साबणपाण्याने घासून धुवा. टर्पेंटाइनने होनिंगची भुकटी निघत नाही. पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं.

रिंगा, मेन आणि रॉड बेअरिंग, रॉडचे बोल्ट-नट, सगळी गॅस्केट-सील, लॉक वॉशर, कॉटर पिन आणि रबरी नळ्या नव्याच. जुने रॉड-बोल्ट 'चांगले दिसतात' म्हणून वापरणं ही या कामातली सर्वात महाग बचत आहे. प्रत्येक भागासोबत रिलीज सर्टिफिकेट मागा.

केस मिटवणं : रेशमाचा धागा

दोन केस-भागांच्या सांध्याला जाड गॅस्केट नसतं. पातळ सीलंट आणि त्यावर रेशमी धागा, एवढंच. कारण मेन बेअरिंगची पकड केस किती घट्ट मिटतं यावर अवलंबून असते. जाड थर लावला की बेअरिंग सैल, थर नसला की तेल गळतं. धागा बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, न तुटता, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न्यायचा. येवल्याच्या जिल्ह्यात रेशमाचं अप्रूप नाही, पण पैठणीच्या मागावरचा धागा उचलून आणू नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जाडीचाच घ्या. सीलंट बोटाने लावा, केसच्या कडेला पातळ फिल्म दिसेल इतकाच.

या इंजिनात टॅपेटची छत्रीसारखी तोंडं आतून बसतात. केस मिटवताना उलट्या बाजूचे टॅपेट आत पडतात आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं. घट्ट ग्रीस किंवा बाहेरून लावलेले रबर-बँड त्यांना धरून ठेवतात. कॅम आणि क्रँक गिअरच्या खुणा जुळल्या याची दोघांनी स्वतंत्रपणे खात्री करा आणि फोटो काढा.

सिलिंडर बसताना दोन चुका जीवघेण्या ठरतात. पहिली : सिलिंडरच्या बुडाखाली किंवा नटाखाली रंगाचा थर. रंग दबतो, टॉर्क उतरतो, स्टड तुटतात. दुसरी : थ्रू-बोल्ट. हे बोल्ट केस आरपार जाऊन दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि मधलं मेन बेअरिंग एकत्र आवळतात. एका बाजूचा नट ताणून दुसरा विसरलात तर बेअरिंगचं शेल सरकू शकतं आणि तेलाचं भोक बंद होतं. दोन्ही टोकांना, सांगितलेल्या क्रमाने, सांगितलेलं वंगण लावून टॉर्क करा. सिलिंडर उतरलेले असताना क्रँक फिरवू नका, तेही याच कारणासाठी.

रिंगांची तोंडं एका रेषेत नसावीत. हायड्रॉलिक टॅपेट कोरडे करून व्हॉल्व्हची फट ०.०३० ते ०.११० इंचांत येते का पाहा. आली नाही तर वेगळ्या लांबीचा पुशरॉड लागतो. मॅग्नेटोचा इम्पल्स कपलिंग (स्टार्टला ठिणगी उशिरा आणि जोरात देणारी स्प्रिंगची जोडणी) प्रॉप फिरवताना 'खट्' वाजायला हवा. न वाजणारा इम्पल्स म्हणजे हाताने सुरू करताना उलटा झटका. टायमिंगचे अंश इंजिनाच्या प्लेटवरून घ्या. शेजारच्या ए-६५ चे (कॉन्टिनेंटलच्याच धाकट्या इंजिनाचे) ३० अंश इथे लावू नका.

पहिला स्टार्ट

तेलपंपाचे गिअर बसवतानाच पेट्रोलियम जेलीने भरा, नाहीतर कोरडा पंप तेल ओढत नाही. वरचे प्लग काढून प्रॉप फिरवत राहा, तेलदाब दिसेपर्यंत. मगच प्लग लावा. तेल बिनडिटर्जंट मिनरल. ग्रेडच्या आकड्यांत गोंधळ होतो : विमानाच्या तेलाचा ८० म्हणजे एसएई ४० आणि १०० म्हणजे एसएई ५०. डिसेंबरच्या निफाडी थंडीत जाड तेल प्रॉप फिरवणाऱ्याच्या खांद्याला कळतं.

इंजिन पेटल्यावर ३० सेकंदांत दाब आला नाही तर बंद. आला तर १००० ते १२०० आरपीएमवर काही मिनिटं, बंद, थंड, गळती तपासणी. बॅफल लावल्याशिवाय आणि तोंड वाऱ्याकडे केल्याशिवाय चालवू नका. आयडलवर तासन्‌तास घुरघुरत ठेवलं तर रिंगा बसायच्याऐवजी बॅरल काचेसारखं गुळगुळीत होतं आणि तेल खाणं कायमचं मागे लागतं. सिलिंडरच्या तापमानावर नजर ठेवून टप्प्याटप्प्याने जोर वाढवा.

पहिलं तेल लवकर बदला, जाळी उघडून पांढऱ्या कागदावर झटका. सुरुवातीला बारीक चमक दिसते, ती प्रत्येक बदलाला कमी व्हायला हवी. तेल खाणं स्थिरावेपर्यंत, साधारण २५ ते ५० तास, मिनरल तेलच ठेवा. चालवायला जमणारच नसेल तर पावसाआधी प्लगांच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर प्लग लावून एक्झॉस्ट आणि ब्रीदर बंद करा. जेल निळ्याची गुलाबी झाली की बदला. दर रविवारी दहा मिनिटं चालवून बंद करणं त्याहून वाईट. तेल पुरतं तापत नाही आणि जळणातून झालेलं पाणी आतच राहतं.